मास्तरांची खोटी वही

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर शिवणकामाचं दुकान आहे. त्याचे मालक, म्हणजे आमचे मास्तर, हे मी आयुष्यात पाहिलेले सगळ्यात खोटारडे गृहस्थ. हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे आणि त्यांनी ते मान डोलावून कबूलही केलेलं आहे, तेव्हा पाठीमागे निंदा केल्याचं पाप माझ्या माथी नाही. एकोणचाळीस वर्षं हा माणूस दिवसातून दहा-बारा वेळा, भरल्या दुकानात, खणखणीत आवाजात खोटं बोलत आला, आणि गल्लीत एकालाही त्याचा पत्ता नव्हता. मलाही नव्हता, आणि मी तर निवृत्त झाल्यापासून रोज तिथे जाऊन बसणारा.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. डाव्या हाताला दोन शिलाई मशिनं, एक मास्तरांचं आणि एक त्यांच्या सुनेचं. मधोमध कापायचं टेबल, कोपऱ्यात पडदा, पडद्याबाहेर माणसाएवढा आरसा, आणि आरशासमोर बाकडं. सगळी गोम या बाकड्यात आहे. त्यावर कायम दोन-चार माणसं आपल्या पाळीची वाट बघत बसलेली असतात, आणि ज्याचं माप चाललंय त्याच्याकडे न बघितल्यासारखं करून टक लावून बघत असतात. मास्तरांनी कंबरेभोवती टेप फिरवला की बाकड्यावरच्या गप्पा आपोआप बंद पडतात. आपल्या पोटाचा घेर चारचौघांत कळावा असं कुणालाच वाटत नाही, आणि दुसऱ्याचा कळावा असं सगळ्यांनाच वाटतं.

मास्तर टेपवर वाकायचे, चष्म्यावरून बघायचे आणि ठणकावून सांगायचे, "छत्तीस." टेपवर असायचे अडतीस. कंबर कुणाचीही असो, दोन इंच कमी. पुरुषाची छाती असली तर एक इंच जास्त. वहीत लिहायचे तेही तसंच, कारण गिऱ्हाईक मान लांब करून वहीत डोकावतंच. कापड मात्र ते स्वतः कापायचे, दोन इंच मनातल्या मनात परत घालून. सुनेला वाटायचं, बाबा शिवणीला माया जरा सैल हातानं सोडतात. आणि गिऱ्हाईक नवी पँट चढवून, मोकळा श्वास घेऊन, आपण अजून छत्तीसच आहोत या आनंदात घरी जायचं.

एकदा मी त्यांना रंगेहाथ पकडलं. टेप माझ्याच कंबरेभोवती होता आणि चष्मा नेमका डोळ्यांवर होता. लोक गेल्यावर मी जाब विचारला, तर मास्तर खडूची धूळ झटकत म्हणाले, "साहेब, समोर चार माणसं बसलेली असतात. माणसाला आधी उघडं पाडायचं आणि मग त्याला झाकायला कपडे शिवायचे, हे मला जमत नाही."

जी गोष्ट टेपची, तीच तोंडाची. कुणाच्या पाठीवर कसला डाग आहे, कुणाचा एक खांदा उतरलाय, आजारपणात कोण किती वाळलंय, हे सगळं या माणसाला ठाऊक. माझ्या सौभाग्यवतीनं शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या कंबरेची चौकशी निदान पाच वर्षं नेटानं चालवली. मास्तर दर वेळी हवेबद्दल बोलायला लागायचे. शेवटी हिनंच कंटाळून नाद सोडला, आणि हिनं नाद सोडलेली माझ्या माहितीतली ही एकमेव गोष्ट.

आता पोस्टातल्या बाईंबद्दल सांगायला हवं. ही हकीकत मला फार उशिरा कळली, पण तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. या बाई पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसतात. वय पंचेचाळीसच्या आसपास, लग्न केलेलं नाही, घरी त्या आणि त्यांची ऐंशीची आई. गल्लीत कुणाला कुठून काय येतं ते त्यांच्या हातून जातं आणि तोंडातून अवाक्षर निघत नाही. मास्तरांच्याच जातकुळीच्या म्हणायच्या.

दोन वर्षांपूर्वी बाई महिनाभर दिसल्या नाहीत. परगावी प्रशिक्षणाला गेल्यात, असं आईसकट सगळ्यांना सांगितलेलं होतं. परत आल्यावर एका दुपारी, दुकानात मास्तरांशिवाय कुणी नाही असं बघून त्या आत आल्या. प्रशिक्षण नव्हतं, शस्त्रक्रिया होती. डावा स्तन काढून टाकावा लागला होता. डॉक्टर आणि एक मैत्रीण सोडून हे कुणालाही ठाऊक नव्हतं. आईला तर कळून चालणारच नव्हतं. आईची धाकटी बहीण याच दुखण्यानं गेली होती, आणि शेवटपर्यंत तिचं सगळं आईनंच केलं होतं. मुलीला नुसती शिंक आली तरी आईच्या घशाखाली घास उतरत नसे. तेव्हा मास्तरांनी ब्लाउज असे शिवायचे होते, की एका छपराखाली राहणाऱ्या आईच्या नजरेलाही फरक कळू नये.

मास्तरांनी सवयीप्रमाणे दोन्ही बाजूंची मापं सारखी लिहायला घेतली. बाईंनी त्यांचा हात थांबवला. म्हणाल्या, "माझं खरं तेच लिहा, मास्तर. खोटं लिहिलंत तर मला वाटेल, तुम्हाला ते बघवलं नाही."

मग मास्तरांनी खरं लिहिलं. डावीकडचं वेगळं, उजवीकडचं वेगळं, आणि खाली बारीक अक्षरात, 'शस्त्रक्रियेमुळे डावीकडे आतून कापसाची गादी.' पानाचा कोपरा दुमडून ठेवला. ते ब्लाउज ते स्वतः शिवत, गादीचं वजन तळहातावर तोलून बघत, आणि दोन वर्षं आईला काही कळलं नाही. त्या जाडजूड वहीत खरं लिहिलेलं असं ते एकच पान होतं.

आता माझ्याबद्दल. मी विमा कंपनीत एकतीस वर्षं करारपत्रं तपासली. बारीक छपाईत कुठे काय दडवून ठेवलंय ते हुडकून काढणं, एवढंच माझं काम. वाचल्याशिवाय सही करू नये, हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलंय की माझे भाचे मला पाठमोरं बघूनही ते पुटपुटतात. गल्लीत कुणाकडे काही कागद आला की आधी माझ्याकडे यायचा. मास्तर मला साहेब म्हणतात ते त्यापायीच.

सूनबाई हुशार आणि कामाला वाघ. तिला त्या वहीचा मनापासून तिटकारा होता, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. वहीत नावं कुठल्याच क्रमानं नव्हती. मुख्याध्यापिकाबाईंचं पान हवं असेल तर त्या आल्या त्या दिवशी आधी कोण येऊन गेलं होतं ते आठवावं लागे. एक दिवस तिच्या मोबाइलवर 'मापमित्र' नावाच्या ॲपची जाहिरात आली. शिंप्यांसाठी, एकदम फुकट. गिऱ्हाइकांची मापं, पत्ते, फोन नंबर भरून ठेवायचे. कपडा तयार झाला की निरोप आपोआप जाणार. तिनं ते मास्तरांना दाखवलं. मास्तर महिनाभर नको नको म्हणत राहिले. म्हणाले, आपली वही निदान उठून कुठे जात तरी नाही. शेवटी सासरा-सुनेनं निवाडा माझ्यावर सोपवला, आणि मी गंभीर चेहरा करून मोबाइल हातात घेतला.

करार एक्क्याण्णव पानांचा होता. खाली दोन बटणं. एक तळहाताएवढं हिरवंगार, 'मान्य आहे'. दुसरं मुंगीएवढं करडं, 'नंतर विचारा'. 'मान्य नाही' असं बटण त्यात नव्हतंच. आता खरं सांगतो. एकतीस वर्षं ज्यानं लोकांच्या सह्या अडवून धरल्या, त्याच मी, समोर चहा निवत होता म्हणून, एक्क्याण्णव पानांवरून अंगठा सर्रकन फिरवला आणि हिरवं बटण दाबलं.

"वाचलंत ना, साहेब?" मास्तरांनी विचारलं.

"वाचलं," मी म्हणालो.

मास्तरांनी इतकी वर्षं केलेला खोटेपणा एका पारड्यात टाका आणि हा माझा एक शब्द दुसऱ्या पारड्यात. पण त्या दिवशी मला त्याचं काहीच वाटलं नाही. चहा बरा झाला होता.

सूनबाईनं पंधरा दिवस खपून सगळी वही मोबाइलमध्ये भरली. पानावर होतं तसंच, जसंच्या तसं. दुमडलेलं पानही तिनं भरलं. त्यावरून ती सासऱ्याशी किंवा नवऱ्याशी चकार शब्द बोलली नाही, हे तिचं मोठेपण. वही कपाटात गेली. कपडा तयार झाला की लोकांना टुणकन निरोप यायला लागले, आणि मी बाकड्यावर बसून ज्याला त्याला सांगायला लागलो, की यांना या मार्गाला मीच लावलं.

चारेक महिन्यांनी लोकांच्या मोबाइलमध्ये काहीतरी शिरलं. बेकरीवाल्याला ढेरी आत नेणाऱ्या पट्ट्यांच्या जाहिराती यायला लागल्या. पाव भाजायचा वेळ बघायला मोबाइल उघडावा, तर आत एक हसरी बाई विचारायची, 'कंबर बेचाळीस? अजून वेळ गेलेली नाही!' बेकरीवाला चिडला, पण कंपनीवर नाही. त्याला बायकोचा संशय आला. माझी गंमत वेगळीच. वहीत माझी कंबर दोन इंच कमी आणि छाती एक इंच जास्त, तेव्हा यंत्राच्या लेखी मी पिळदार गडी ठरलो. सदुसष्टाव्या वर्षी मला दंड फुगवायच्या भुकट्या आणि कुस्तीच्या आखाड्यांची आमंत्रणं यायला लागली. आमच्या घरात इतकं हसू मुलीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकू आलं. मी वरवर वैतागलो, पण एक आमंत्रण पुसायचं राहूनच गेलं.

मग खोके आले. कुठल्याशा कपडेवाल्या कंपनीनं गल्लीतल्या घरोघर, कुणी मागितले नसताना, कपडे पाठवले. 'तुम्ही सांगायच्या आधीच, तुमच्या मापाचे! आठ दिवस घालून बघा, नको असल्यास परत करा.' खोके पोस्टातूनच येत होते, बाईंच्याच खिडकीवरून, आणि बाई ते एकेकाच्या हाती निर्विकार चेहऱ्यानं देत होत्या. फुकट हाती आलेली वस्तू घालून न बघणारा माणूस आमच्या गल्लीत अजून जन्मायचा आहे. सगळ्यांनी घातले. एकाचीही पँट बटणापर्यंत पोचेना. बँकेचा रखवालदार हट्टानं श्वास कोंडून ती चढवून कामावर गेला, खाली पडलेली कुणाची तरी पावती उचलायला वाकला, आणि पँट मागून थेट कंबरेपर्यंत उसवली.

दुसऱ्या दिवशी बाकड्यावर बसायला जागा नव्हती. ज्याच्या त्याच्या मांडीवर खोका आणि तोंडात एकच मागणी, की मास्तर, कंबरेत तेवढी सोडा. आपलं माप त्या कंपनीला कळलं कसं, हा प्रश्न एकालाही पडला नव्हता. आपलं माप इतकं चुकलं कसं, एवढाच सगळ्यांना राग. मुख्याध्यापिकाबाईंनी तर हल्ली मोजमाप कुणाला येत नाही यावर लहानसं भाषणच दिलं. चोर घरात शिरून कपाटं उघडून गेला, आणि ही मंडळी त्यानं घड्या नीट घातल्या नाहीत म्हणून कुरकुरत होती.

मास्तरांनी बेकरीवाल्याची पँट टेबलावर पसरली आणि टेप लावला. बेचाळीस. रखवालदाराच्या पँटला लावला, चौतीस. मुख्याध्यापिकाबाईंचा आकडा ते बोलले नाहीत. कपाटातून वही काढून त्यांनी पानं ताडून बघितली. प्रत्येक कपडा तंतोतंत वहीबरहुकूम होता, मास्तरांच्या खोटेपणासकट. लोकांच्या नजरेतून वाचवलेले ते दोन-दोन इंच मोठ्या थाटात कापून, शिवून, खोक्यात घालून परत आले होते.

"माझी वही फुटली, साहेब," मास्तर म्हणाले.

मी समजूत घातली, की मास्तर, यात बरंच झालं, चोरांच्या हाती खोटंच लागलं, उलट तुम्हाला दुरुस्तीचं काम मिळालं. मास्तर ऐकत नव्हते. ते वहीची पानं उलटत होते. कोपरा दुमडलेल्या पानापाशी थांबले आणि तिथेच स्टुलावर बसले. लोक गेल्यावर त्यांनी मला पोस्टातल्या बाईंची हकीकत सांगितली. ती सांगायला त्यांना किती जड गेलं ते मी बघत होतो. सगळ्यांना खोटी मापं गेली म्हणून कपडे चुकीचे आले. बाईंचं माप खरं होतं. बाईंना जे काही येईल ते अचूक येणार होतं, आणि ते आईच्या हाती पडलं तर दोन वर्षांची सगळी धडपड पाण्यात जाणार होती.

एक्क्याण्णव पानं मला त्या क्षणी आठवली. पण आपण मापमित्रच्या मदत केंद्राला फोन करू, एवढंच सुचवलं.

फोनवर आधी यंत्र बोललं, मग दुसरं यंत्र, आणि अर्ध्या तासानं मधाळ आवाजाची एक मुलगी. एका गिऱ्हाइकाची माहिती काढून टाकायची आहे म्हटल्यावर तिला फार आनंद झाला. आमच्या खासगीपणाची कंपनीला अतिशय काळजी आहे, असं ती तीनदा म्हणाली. त्यासाठी फक्त त्या गिऱ्हाइकाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, फोटो, ओळखपत्र, आणि जी माहिती लपवायची आहे ती नेमकी कोणती आणि का लपवायची आहे याचा सविस्तर तपशील भरून पाठवायचा होता. शस्त्रक्रियेसंबंधी काही असेल तर डॉक्टरांचा कागद जोडायचा होता. आणि ही विनंती नोंदवून कायम जपून ठेवायला आमची संमतीही हवी होती. मास्तरांनी शांतपणे सगळं ऐकलं. एवढंच विचारलं, की बाळ, तुझं माप कुणी विचारलं तर सांगशील का. मुलगी म्हणाली, हा पर्याय यादीत नाही, आणि आम्हाला पाचपैकी किती तारे द्याल असं विचारलं.

मी म्हटलं, बाईंना आताच्या आता जाऊन सांगून टाका. मास्तरांना आधी चूक निस्तरायची होती, मग तोंड दाखवायचं होतं. आणि चूक निस्तरायचा एकच मार्ग त्यांना ठाऊक होता. त्यांनी सूनबाईला मोबाइल काढायला लावला आणि बाईंच्या दोन्ही बाजूंची मापं सारखी करायला सांगितली. तळटीप पुसायला लावली. हयातभर जे खोटं ते पेन्सिलीनं लिहीत आले, ते आता ते मोबाइलमध्ये लिहीत होते. मापमित्रनं लगेच फुगे उडवून दाखवले. 'ग्राहकाच्या शरीरात बदल! अभिनंदन! जुनं माप आम्ही जपून ठेवलं आहे.'

मास्तरांना वाटलं, दोन्हीकडे अगदी सारखं माप संशयास्पद दिसत असेल, माणसाचं शरीर काही यंत्रावर कापलेलं नसतं. म्हणून दुसऱ्या दिवशी डावीकडे पाव इंच कमी केलं. मग वाटलं, पाव फार होतंय. मग वाढवलं. चार दिवसांत त्यांनी ते सात वेळा खाली-वर केलं. वहीत खोडरबर फिरवलं की कागद थोडा काळा होतो, यापलीकडे काही होत नाही. "बाबा, इथे पुसलेलं पुसलं जात नाही," सूनबाई काकुळतीला येऊन म्हणाली, पण तोवर उशीर झाला होता. चारशे गिऱ्हाइकांत जिच्या शरीरात चार दिवसांत सात बदल झाले, अशी एकच बाई होती. पाचव्या दिवशी तिच्या नावापुढे सोनेरी चांदणी उगवली. 'विशेष ग्राहक. खास सेवा सुरू.'

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून पोस्टात गेले. खिडकीला काच, काचेला एक लहानसं भोक, आणि भोकातून ऐकू जायचं तर ओरडून बोलावं लागतं. मागे सात जणांची रांग. मास्तरांची पाळी आली तेव्हा बाईंनी हसून विचारलं, काय देऊ. मास्तर तिकिटं घेऊन परत आले. दुसऱ्या दिवशीही गेले आणि तिकिटंच घेऊन आले. हल्ली पत्रं लिहितं कोण? ती तिकिटं टेबलाच्या खणात पडली. घरी जाऊन सांगावं, तर घरी आई. मी म्हटलं, चिठ्ठी लिहा. मास्तर म्हणाले, आता पुन्हा कुठे काही लिहिणार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुकान नुकतंच उघडलं होतं. आम्ही तिघंच होतो. बाई कामावर जाता जाता आत आल्या आणि पिशवीतून एक गुलाबी खोका काढून त्यांनी कापायच्या टेबलावर ठेवला. तो पोस्टातून आलेला नव्हता, नाहीतर त्यांच्याच हातात पडला असता. खास सेवा म्हणून माणूस पाठवून घरपोच दिला होता. झाकणावर हसऱ्या बाईचं चित्र होतं आणि हातभर लांबून वाचता येतील अशी अक्षरं, 'एक स्तन गमावलात, हसू नाही!'

"काल दुपारी आलं," बाई म्हणाल्या. "मी खिडकीवर होते. आईनं घेतलं."

सूनबाईनं मशीन थांबवलं.

"आईनं उघडलं आणि परत चिकटवून ठेवलं. पट्टीवर पट्टी दिसतेय. मला म्हणाली, तुझं काहीतरी आलंय, मी बघितलं नाही. कालपासून अन्नाला शिवलेली नाही. पोट बिघडलंय म्हणते. मी पण म्हणाले, हो, हल्ली सगळ्यांचंच बिघडतंय." बाईंचा आवाज तोच होता, खिडकीतून पावती देतानाचा. "तिला विचारायची मला सोय नाही आणि मला विचारायची तिला नाही. तुमच्याकडून गेलं का, मास्तर?"

"माझ्याच वहीतून गेलं, ताई," मास्तर म्हणाले. त्यांनी सुनेकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही.

तेव्हा मला राहवलं नाही. मी उभा राहिलो आणि सगळं ओकून टाकलं. एक्क्याण्णव पानं, चहा, हिरवं बटण, वाचलं म्हणून ठोकून दिलेली थाप. सगळा दोष माझा आहे, मास्तरांचा नाही, त्यांनी तर मला विचारलं होतं. खोटं कशाला सांगू, बोलताना आपण काहीतरी मोठं करतोय असंही वाटून गेलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "बटण काय काका, सगळेच दाबतात. मीपण दाबते," त्या म्हणाल्या. "पण मी माप तुम्हाला दिलं नव्हतं. मास्तरांना दिलं होतं."

मी खाली बसलो.

बाई खोका परत पिशवीत भरायला लागल्या. मास्तरांनी हात पुढे केला, बहुधा तो खोका स्वतःकडे ठेवून घ्यावा, जाळून टाकावा, असं काहीतरी मनात असेल. बाईंनी तो दिला नाही.

"यातला ब्लाउज मी घालून बघितला. नीट बसतो," त्या म्हणाल्या. "यापुढे तिकडूनच मागवेन. तिथे मला कुणासमोर उभं राहावं लागत नाही."

मागच्या आठवड्यात दिलेलं निळं कापड त्यांनी परत मागितलं. ते अजून कापलेलं नव्हतं. मास्तरांनी ते कपाटातून काढलं, टेबलावर ठेवून पुन्हा एकदा नीट घडी घातली आणि दोन्ही हातांनी दिलं. बाई गेल्या. पोस्ट उघडायला दहा मिनिटं होती.

मास्तर टेबलाशी तसेच उभे होते तोवर बेकरीवाला आला. त्याची पँट कंबरेत सोडून तयार होती. पडद्याआड जाऊन ती घालून तो बाहेर आला, आरशासमोर दोन गिरक्या घेतल्या, खाली बसून उठून दाखवलं, आणि एकदम खूश झाला. मास्तरांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, की मास्तर, त्या कंपन्या-बिंपन्या सगळ्या बेकार, आपलं माप विश्वासानं सांगावं असा माणूस जगात एकच. तो गेला तरी त्याचं हसणं बाहेर ऐकू येत होतं.

"साहेब, शटर ओढा," मास्तर म्हणाले.

दहासुद्धा वाजले नव्हते. सूनबाई पिशवी उचलून बाहेर पडली, तिच्यामागून मी. शटर मी बाहेरून ओढलं. मास्तर आतच राहिले.